धारेचे शिक्षण : जपानी स्वयंपाकाचा वर्ग आणि केजचा कोयता

भाजी कशी चिरली आहे यावर ती कशी लागेल हे बऱ्याच अंशी ठरते, ही गोष्ट बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील कोणत्याही घरात नव्याने सांगावी लागत नाही. पोह्यांचा कांदा बारीक असतो, खेकडा भजीचा उभा आणि लांब असतो. परतायची भेंडी गोल चिरली जाते, भरायच्या भेंडीला मधोमध एकच चीर दिली जाते. आणि भरल्या वांग्याला देठाकडचा भाग अखंड राहील अशा बेताने चार चिरा दिल्या जातात. मात्र हे सारे ज्ञान आईच्या किंवा सासूच्या हाताकडे पाहत उचलले जाते आणि त्याला नाव, माप व कारण जोडून ते कोणी शिकवत नाही. जपानमध्ये याच ज्ञानाला नावे, मापे आणि क्रम देऊन असे रूप दिले गेले आहे की, भाषा न येणाऱ्या परदेशी पाहुण्यालाही त्याचा पहिला धडा दोन-तीन तासांत देता यावा. जपानच्या प्रवासात मंदिरे, बागा आणि बुलेट ट्रेन यांच्या जोडीने स्वयंपाकाच्या आणि सुरी चालवण्याच्या वर्गाला गेल्या काही वर्षांत जे स्थान मिळाले आहे, त्याचे मूळ या शिकवण्याजोग्या रूपात आहे.

मराठी प्रवाशाला हा विषय आता फार दूरचा राहिलेला नाही. जपानी भाषेच्या अध्ययनाचे पुणे हे देशातील एक मोठे केंद्र आहे, आणि टोकियोच्या एदोगावा प्रभागातील निशी-कासाई या भागात संगणक क्षेत्रात काम करणारी भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. याच प्रभागाच्या सभागृहावर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. मुलाकडे किंवा मुलीकडे काही आठवडे राहण्यासाठी जपानला जाणारे आईवडील आता मराठवाड्यातील तालुक्यांच्या गावांतूनही निघतात. त्यांच्यासाठी असा वर्ग ही नुसती करमणूक ठरत नाही, कारण आयुष्यभर हाताने केलेल्या कामाकडे दुसऱ्या संस्कृतीच्या नजरेने पाहण्याची ती संधी असते.

तलवारीकडून सुरीकडे

जपानी स्वयंपाकातील सुरीला होचो असे म्हणतात, आणि तिच्या इतिहासात ओसाकाच्या दक्षिणेला असलेल्या साकाई या शहराला मानाचे स्थान आहे. तेथील लोहारकामाची परंपरा पाचव्या शतकात उभारलेल्या कोफुन नावाच्या प्रचंड थडग्यांच्या बांधकामासाठी लागणाऱ्या अवजारांपर्यंत मागे नेली जाते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर जपानमध्ये तंबाखू आली, तिची पाने बारीक कातरण्यासाठी साकाईच्या लोहारांनी खास सुऱ्या घडवल्या आणि पुढे तोकुगावा राजवटीने त्या सुऱ्यांना गुणवत्तेचा शिक्का बहाल केला. ज्या पोर्तुगीज व्यापारामुळे गोव्याच्या वाटेने मिरची मराठी चुलीपर्यंत पोहोचली, त्याच व्यापाराने दूर पूर्वेला सुरीच्या एका मोठ्या उद्योगाला चालना दिली, असा हा इतिहास आहे. साकाईमध्ये आजही पाते घडवणारा लोहार, धार काढणारा कारागीर आणि मूठ बसवणारा कारागीर हे वेगवेगळे असतात आणि एकच सुरी या तिघांच्या हाताखालून जाते.

सुरीच्या इतिहासातील दुसरे वळण १८७६ मध्ये आले. मेइजी सरकारने त्या वर्षी सामुराईंना उघडपणे तलवार बाळगण्यास बंदी केली, तलवारीची मागणी आटली आणि अनेक लोहार सुऱ्या, कात्र्या व शेतीची अवजारे यांकडे वळले. त्याच काळात आहारही बदलत होता. सम्राट तेन्मू याने ६७५ मध्ये गाय, घोडा आदी प्राण्यांचे मांस खाण्यावर निर्बंध घातले होते आणि बौद्ध धर्माच्या प्रभावामुळे मांसाहाराविषयीचा संकोच पुढे शतकानुशतके टिकला होता. सम्राट मेइजी याने १८७२ मध्ये गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि तो संकोच ओसरू लागला. युरोपीय सुरीच्या धर्तीवर मांसासाठी ग्युतो नावाची सुरी रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर भाजी, मासा आणि मांस या तिन्हींना चालणारी सांतोकु ही मध्यम लांबीची सुरी घरोघर पोहोचली, आणि प्रवाशांसाठीच्या वर्गात बहुतेक वेळा हीच सुरी हाती दिली जाते.

व्यावसायिक स्वयंपाकघरात मात्र एकाच सुरीवर काम भागत नाही. माशाचे डोके आणि काटे तोडण्यासाठी जाड व वजनदार देबा, कच्च्या माशाचे काप काढण्यासाठी लांब व अरुंद यानागिबा, आणि भाजीसाठी पातळ पात्याची उसुबा अशी कामांची वाटणी असते. या पारंपरिक सुऱ्यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांना एकाच बाजूने उतार दिलेला असतो आणि दुसरी बाजू सपाट, किंबहुना किंचित खोलगट ठेवलेली असते, त्यामुळे कापलेला काप पात्याला चिकटून न बसता सहज सुटतो. उजव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी घडवलेली अशी सुरी डावखुऱ्या माणसाला नीट वापरता येत नाही, त्याच्यासाठी उलट्या उताराची सुरी लागते, म्हणून डावखुऱ्या प्रवाशाने ही गोष्ट वर्गात नाव नोंदवतानाच कळवणे हिताचे असते.

पात्याचे पोलादही समजून घेण्यासारखे आहे. शिमाने प्रांतातील यासुगी येथे तयार होणारी दोन पोलादे, शिरोगामी म्हणजे पांढरा कागद आणि आओगामी म्हणजे निळा कागद, ही त्यांच्या वेष्टनाच्या रंगावरून ओळखली जातात. पहिले जवळजवळ निव्वळ लोह आणि कार्बन यांचे असते, तर दुसऱ्यात क्रोमियम व टंगस्टन मिसळून धार अधिक काळ टिकवली जाते. अशा पोलादाची पट्टी मऊ लोखंडाला जोडून पाते घडवले जाते, त्यामुळे धारेला कठीणपणा आणि पात्याला सोशिकपणा या दोन्ही गोष्टी साधतात. मात्र असे पाते ओले राहिले तर गंजते आणि लिंबू किंवा टोमॅटो कापल्यावर काळे पडते. लोखंडी विळीवर केळफूल किंवा वांगे चिरणाऱ्या घरांना हा अनुभव परका नाही. काम करता करता पाते पुसत राहण्याची सवय म्हणूनच वर्गाच्या पहिल्या काही मिनिटांतच लावली जाते.

वर्गात काय शिकवले जाते

टोकियो, क्योतो आणि ओसाका या शहरांत असे वर्ग सहज मिळतात. काही घरगुती असतात, काही पाकशाळांचे असतात आणि काहींची सुरुवात बाजारातून होते. क्योतोचा निशिकी बाजार आणि टोकियोतील त्सुकिजीचा बाहेरचा बाजार ही त्यासाठीची नेहमीची ठिकाणे आहेत. त्सुकिजीचा घाऊक मासळीबाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसु येथे हलवण्यात आला, परंतु किरकोळ दुकानांचा भाग जुन्याच जागी राहिला. वर्ग साधारणतः दोन ते चार तासांचा असतो, शिकणारे थोडे असतात, आणि शेवटी सर्वांनी आपण रांधलेले जेवण एकत्र बसून घ्यायचे असते. भात, मिसो नावाच्या आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे सूप, चौकोनी तव्यात घडी घालत केलेले अंड्याचे तामागोयाकी आणि व्हिनेगर घातलेली काकडी असा त्याचा बेत असू शकतो. भाताबरोबर एक सूप आणि तीन पदार्थ, अशी जपानी ताटाची जी जुनी मांडणी आहे तिला इचिजू-सानसाई म्हणतात, आणि जपानच्या या पारंपरिक आहारपद्धतीचा समावेश युनेस्कोने २०१३ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला.

सुरी हातात येण्यापूर्वी उभे राहण्याची रीत शिकवली जाते. ओट्यापासून मुठीएवढे अंतर ठेवायचे, सुरीच्या बाजूचा पाय अर्धे पाऊल मागे घ्यायचा, शरीर थोडे तिरके ठेवायचे, म्हणजे कोपर अंगाला न अडता सुरी सरळ रेषेत पुढे-मागे जाते. चिरण्याचा पाट आधी पाण्याने ओला करून पुसून घेतात, कारण ओलसर लाकडात भाजीचा रंग आणि माशाचा वास मुरत नाही. भाजी धरणाऱ्या हाताची बोटे आत वळवून पेरांचा आधार पात्याला द्यायचा असतो. मांजराच्या पंजासारख्या दिसणाऱ्या या ठेवणीला जपानीत नेको-नो-ते असेच नाव आहे, आणि तिच्यामुळे बोटांची टोके धारेपासून सुरक्षित राहतात.

त्यानंतर चिरण्याच्या पद्धती येतात. गोल चकत्या म्हणजे वागिरी, चकतीचे चार भाग केले की गिंको झाडाच्या पानासारखे दिसणारे इचोगिरी, बारीक लांब काड्या म्हणजे सेनगिरी, अगदी बारीक चिरणे म्हणजे मिजिनगिरी, आणि गाजर किंवा वांगे प्रत्येक कापानंतर थोडे फिरवत तिरके तुकडे करणे म्हणजे रानगिरी. प्रत्येक पद्धतीमागे शिजण्याचा हिशेब असतो. दोन सेंटीमीटर बाजूच्या घनाकार तुकड्याचे पृष्ठफळ २४ चौरस सेंटीमीटर असते. त्याचेच एक सेंटीमीटरचे आठ तुकडे केले, तर एकूण पृष्ठफळ ४८ चौरस सेंटीमीटर होते, म्हणजे भाजी तेवढीच राहूनही उष्णता आणि रस आत शिरण्याची जागा दुप्पट होते. रानगिरीत तुकड्यांचे आकार वेगवेगळे दिसत असले तरी वजने जवळपास सारखी ठेवली जातात, त्यामुळे सारे तुकडे एकाच वेळी शिजतात आणि तिरक्या कापांमुळे वाढलेल्या पृष्ठभागात चव मुरते.

मंद आचेवर बराच वेळ शिजणाऱ्या मुळ्याच्या जाड तुकड्यांच्या कडा तासून गोलसर केल्या जातात. मेनतोरी या नावाच्या या कृतीमुळे रटरटणाऱ्या रसात तुकडे एकमेकांवर घासून कडांनी कुसकरत नाहीत आणि रस गढूळ होत नाही. त्याच तुकड्याच्या खालच्या बाजूला, ताटात दिसणार नाही अशी, फुलीच्या आकाराची चीर दिली जाते आणि तिला काकुशि-बोचो म्हणजे लपवलेला काप म्हणतात. आतपर्यंत शिजणे आणि बाहेरून अखंड दिसणे या दोन विरोधी गरजा तिच्यामुळे एकाच तुकड्यात भागतात. भरल्या वांग्याच्या चिरा देठापर्यंत न नेणाऱ्या हाताला हा विचार समजावून सांगावा लागत नाही. नवे असते ते त्याचे नाव आणि त्यामागचे उघडपणे मांडलेले कारण.

या साऱ्यांत अवघड मानली जाते ती कात्सुरामुकी. हातभर लांब पांढऱ्या मुळ्याचा, ज्याला दाइकोन म्हणतात, एक गोल ठोकळा हातात धरून तो उसुबाच्या धारेवर फिरवत त्याची कागदासारखी पातळ, अखंड पट्टी सोलून काढायची असते. ही पट्टी पुढे गुंडाळून बारीक चिरली की कच्च्या माशाखाली ठेवण्याच्या धाग्यांसारख्या काड्या तयार होतात. व्यावसायिक आचाऱ्यांना यासाठी दीर्घ सराव करावा लागतो. प्रवाशाच्या वर्गात ती दाखवली जाते आणि थोडी करूनही पाहता येते, तेव्हा पट्टी वारंवार तुटणे हेच स्वाभाविक असते.

धारदार पात्याचा आग्रह हा केवळ सुबकपणासाठी नसतो. बोथट सुरी पेशी कापत नाही, ती त्यांना चिरडते आणि भाजीतील रस पाटावरच निघून जातो. कांद्याच्या बाबतीत याचा प्रत्यय डोळ्यांना येतो. कांद्याच्या पेशी फुटल्या की त्यांतील विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, गंधकयुक्त पदार्थांवर काम करू लागतात आणि डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो. त्यामागे एक स्वतंत्र विकर असल्याचे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिले आणि त्याबद्दल त्यांना २०१३ मध्ये, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी दिले जाणारे इग नोबेल पारितोषिक मिळाले. पाते जितके धारदार, तितक्या कमी पेशी फुटतात आणि डोळ्यांना होणारा त्रासही तितका कमी होतो.

विळी, कोयता आणि सुरी

मराठी हाताला या वर्गात सर्वांत जास्त अडते ते हालचालीच्या दिशेपाशी. विळीवर पाते स्थिर असते आणि भाजी चालते. बसणारी व्यक्ती पायाने विळीचा पाट दाबून धरते, दोन्ही हात मोकळे राहतात, आणि चिरलेली भाजी थेट खालच्या ताटात किंवा पातेल्यात पडते, त्यामुळे चिरण्यासाठी वेगळा पाट लागत नाही. जपानी पद्धतीत भाजी स्थिर असते आणि पाते चालते, तेही सरळ खाली दाबत नाही, तर पुढे ढकलत किंवा मागे ओढत चालते. विळीवर तुकड्याचे माप बोटांना जाणवते, तर सुरीवर ते पेरांच्या आधाराने ठरते. एक पद्धत श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असे येथे काही नाही. जमिनीवर बसून रांधणाऱ्या घराने विळी घडवली आणि उभ्याने काम करणाऱ्या स्वयंपाकघराने पाट-सुरीची जोडी घडवली.

केजच्या संदर्भात मात्र धारेचा विचार स्वयंपाकघरापुरता थांबवता येत नाही. बीड जिल्हा हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता असेच मोजले जाते. ऊस तोडण्यातही शास्त्र आहे. उसाच्या बुडख्याकडच्या कांड्यांत साखरेचे प्रमाण अधिक असते, म्हणून तोड जमिनीलगत व्हावी लागते. तोड स्वच्छ आणि खोलवर झाली तर खोडव्याची, म्हणजे त्याच बुंध्यापासून पुन्हा घेतल्या जाणाऱ्या पिकाची, फूट चांगली येते. शेंड्याचे वाढे जनावरांसाठी वेगळे काढले जातात, पाचट सोलले जाते आणि मोळ्या बांधल्या जातात. वाकून एका फटक्यात, नेमक्या उंचीवर, दिवसभर हे करत राहणे हे उच्च प्रतीचे हस्तकौशल्य आहे. तरीही ते कोणत्याही प्रमाणपत्रावर नोंदले जात नाही आणि त्यासाठीचा प्रवास पोटासाठी होतो. पैसे देऊन सुरी चालवायला शिकणाऱ्या पर्यटकाचा आणि सुरीसारख्याच एका पात्यावर संसार चालवणाऱ्या कामगाराचा प्रवास यांतील अंतर लक्षात ठेवूनच या विषयाकडे पाहावे लागते.

धार लावण्याच्या बाबतीतही दोन्हीकडच्या रीती समोरासमोर ठेवण्यासारख्या आहेत. ऊसतोड कामगार कोयत्याला फडातच कानशीने धार लावतो, तर विळे, खुरपी आणि कोयते पाजवण्याचे, म्हणजे तापवून ठोकून पुन्हा धारेला आणण्याचे काम मराठवाड्यात गावोगावी पाल ठोकून राहणाऱ्या घिसाडी समाजाने पिढ्यानपिढ्या केले आहे. जपानी सुरीला कानस चालत नाही, कारण तिचे पोलाद फार कठीण आणि धार फार पातळ असते. तिच्यासाठी तोइशी नावाचे पाण्याचे दगड वापरतात. दातरे पडलेल्या पात्यासाठी भरड दगड, नेहमीच्या धारेसाठी सुमारे १००० क्रमांकाचा मध्यम दगड आणि शेवटच्या चकाकीसाठी ३००० ते ८००० क्रमांकाचा बारीक दगड अशी त्यांची प्रतवारी असते, आणि क्रमांक जितका मोठा तितके दगडाचे कण बारीक असतात. दोन्ही बाजूंनी धार असलेली सुरी दगडाशी साधारण १५ अंशांचा कोन करून घासली जाते. घासता घासता धारेच्या पलीकडच्या बाजूला धातूचा केसाएवढा काठ वळून येतो आणि तो बोटाला जाणवला, म्हणजे ती बाजू पुरी झाली असे समजून सुरी उलटवायची असते. दगडावर साचणारा राखाडी चिखल धुऊन टाकायचा नसतो, कारण घासण्याचे बरेचसे काम त्यातील कणच करतात. ज्या वर्गात चिरण्याबरोबर हा अर्ध्या-पाऊण तासाचा धडाही असतो तो निवडावा, कारण रांधलेला पदार्थ घरी परतल्यावर विसरला जाऊ शकतो, परंतु धार ओळखण्याची बोटांची सवय कोणत्याही स्वयंपाकघरात उपयोगी पडते.

शाकाहारी प्रवाशाचा प्रश्न

मराठवाड्यातून जाणाऱ्या अनेकांची पहिली शंका सुरीविषयी नसते, ती मासळीविषयी असते. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेला दाशी हा रस कोंबू नावाचे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरावलेल्या माशाचे कातरलेले पापुद्रे, यांपासून करतात, आणि तो मिसो सुपापासून भाजीपर्यंत सगळीकडे असतो. त्यामुळे ज्या पदार्थात मासा दिसत नाही त्यातही तो असू शकतो. कोंबूच्या रसाची चव खारट, गोड, आंबट वा कडू यांपैकी कशातच बसत नाही हे पाहून टोकियोतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये त्यातील ग्लुटामेट हा घटक वेगळा केला आणि त्या चवीला उमामी हे नाव दिले. वाळवलेल्या शिताके अळिंबीतही उमामी देणारा दुसरा घटक असतो आणि दोन्ही एकत्र आले की चव कितीतरी पटींनी खुलते, म्हणून कोंबू आणि शिताके यांचा निव्वळ शाकाहारी दाशी ही तडजोड न राहता स्वतःच्या पायावर उभी असलेली परंपरा ठरते.

ही परंपरा बौद्ध मठांतील शोजिन र्योरी या स्वयंपाकाची आहे. सोतो झेन पंथाचे संस्थापक दोगेन यांनी १२३७ मध्ये मठातील आचाऱ्याची कर्तव्ये सांगणारा तेन्झो क्योकुन हा ग्रंथ लिहिला आणि तांदूळ निवडण्या-धुण्यापासूनच्या साध्या कामांना साधनेचा दर्जा दिला. शोजिन र्योरीत मांस-मासळी नसतेच, शिवाय कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या उग्र भाज्याही वर्ज्य असतात. कांदेनवमीला कांद्याची भजी खाऊन चातुर्मासभर कांदा-लसूण सोडणाऱ्या घरांना हा नियम ओळखीचा वाटेल. वाकायामा प्रांतातील कोयासान या डोंगरावर, जेथे कुकाई यांनी नवव्या शतकाच्या आरंभी शिंगोन पंथाचे केंद्र वसवले, सुमारे ५० मंदिरांत यात्रेकरूंच्या मुक्कामाची सोय आहे आणि तेथे हेच जेवण वाढले जाते. तीळ वाटून केलेले गोमादोफु आणि गोठवून वाळवलेले कोयादोफु हे तेथील प्रसिद्ध पदार्थ आहेत. अजिंठा-वेरूळच्या निमित्ताने महाराष्ट्राने २०१३ मध्ये याच वाकायामा प्रांताशी सहकार्याचा करार केला, आणि कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याचे अनावरण सप्टेंबर २०१५ मध्ये झाले, त्यामुळे मराठी प्रवाशांची, विशेषतः बौद्ध उपासकांची, पावले या डोंगराकडे वळण्यास आणखी एक कारण मिळाले आहे.

केजच्या वाचकाला या स्वयंपाकाशी जोडणारा आणखी एक धागा शेतातला आहे. तालुक्याच्या शिवारात खरिपात सोयाबीन मोठ्या प्रमाणावर घेतले जाते, परंतु ते मुख्यतः तेल आणि पेंडीसाठी बाजारात जाते आणि शेतकऱ्याच्या ताटात क्वचितच येते. जपानी स्वयंपाकात त्याच दाण्यापासून सोया सॉस, मिसो आणि दूध काढून ते साकळवून केलेला तोफु होतो, आणि वर्गात यांपैकी एखादा पदार्थ करून पाहणे हे आपल्याच पिकाची दुसरी बाजू पाहणे असते. नाव नोंदवताना काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात : दाशी कशाचा आहे, अंडे चालणार नसेल तर पर्याय काय, आणि पदार्थांत मिरिन आहे का, कारण या गोडसर पाकात मद्यार्क असतो आणि धार्मिक कारणाने ते वर्ज्य मानणाऱ्यांना हे आधीच समजलेले बरे.

वर्गानंतर सुरी विकत घेण्याचा मोह अनेकांना होतो, आणि टोकियोतील कप्पाबाशी ही भांड्यांच्या दुकानांची पेठ किंवा १५६० पासून चालत आलेले क्योतोच्या निशिकी बाजारातील आरित्सुगु हे दुकान त्यासाठी प्रसिद्ध आहे. घरच्या वापरासाठी न गंजणाऱ्या पोलादाची १६ ते १८ सेंटीमीटर लांबीची सांतोकु पुरेशी असते. कठीण पात्याने हाड, गोठलेले अन्न किंवा नारळ तोडायला गेल्यास धारेचा टवका उडतो. जपानमध्ये योग्य कारणाशिवाय ६ सेंटीमीटरहून लांब पाते जवळ बाळगणे हा गुन्हा आहे, म्हणून सुरी दुकानातील वेष्टनातच राहू द्यावी. विमानात ती हातातील सामानात नेता येत नाही, सोपवलेल्या सामानातच ठेवावी लागते.

आपल्याकडचा वर्ग

अशा वर्गाचे खरे मोल पदार्थांत किंवा सुरीत शोधण्यापेक्षा शिकवण्याच्या पद्धतीत शोधावे. तेथे हाताच्या प्रत्येक हालचालीला नाव असते, प्रत्येक तुकड्याला माप असते, आणि असे का, या प्रश्नाचे उत्तर शिकवणाऱ्याला देता येते. मराठीत पाककृती लिहिण्याची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे सूपशास्त्र १८७५ मध्ये छापले गेले आणि कमलाबाई ओगले यांच्या रुचिराने १९७० पासून वाटी-चमच्याच्या नेमक्या मापांनी घराघरांतील नवशिक्यांना आधार दिला. पण या परंपरेत साहित्याचे प्रमाण जितके नेमके झाले, तितकी हाताची हालचाल नेमकी झाली नाही. चिरणे, कातरणे, खवणे, ठेचणे आणि तासणे या कृती माहीत असल्याचे गृहीतच धरले गेले.

ही उणीव भरून काढायला फार साधने लागत नाहीत. ज्वारीची भाकरी थापण्याचा एक वर्ग केज किंवा अंबाजोगाईत भरवायचा झाला, तर त्यात सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा धरणारा घटक नसल्यामुळे गरम पाण्याने पिठातील स्टार्च फुलवावा लागतो. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटून राहण्याची शक्ती, गेली की भाकरी काठाला चिरते. थापताना तळव्याचा भार आणि बोटांचा वेग वेगवेगळा असतो. आणि तव्यावर टाकल्यावर वरून पाणी कधी फिरवायचे यालाही नेमकी वेळ असते. विळीवर बसण्याची रीत, ठेच्याची मिरची वाटायच्या ऐवजी ठेचायची का, आणि घिसाड्याने पाजवलेले पाते चांगले की वाईट हे कसे ओळखायचे, हे त्याच वर्गाचे पुढचे धडे होऊ शकतात. ते शिकवण्यासाठी बाहेरून तज्ज्ञ आणावे लागणार नाहीत. ज्या स्त्रिया हे रोज करतात त्यांनाच शिक्षिकेचे स्थान आणि मानधन द्यावे लागेल, त्यांच्याकडून हालचालींची नावे व कारणे लिहून घ्यावी लागतील. जपानी वर्गाला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने तेथून शिकून यावे अशी जर एकच गोष्ट असेल, तर ती हीच की, हाताचे काम शब्दांत मांडता येते, आणि ते तसे मांडले की त्याला शिकणारे, मान देणारे आणि मोबदला देणारे लोक मिळू शकतात.